बुडाली तरी शोभेल असे नाव

जयपुरात डोळ्यांत भरेल असे पाणी म्हणजे आमेरच्या वाटेवरचा मानसागर, आणि त्या पाण्यातला जलमहाल हा या शहराच्या वाट्याला आलेला त्यातल्या त्यात जहाजासारखा पदार्थ. खालचे मजले पाण्यात, वरचा उन्हात, आणि नांगर टाकून जो एकदा उभा राहिला तो आजतागायत हललेला नाही. अशा या नगरीत, जिथे छत्री पावसापेक्षा उन्हासाठीच अधिक वेळा उघडली जाते, एका संपूर्ण आरमाराच्या नामकरणाची कामगिरी माझ्यासारख्या, नोकरीच्या निमित्ताने येथे येऊन कायमच्या स्थायिक झालेल्या आणि समुद्र दोन-तीन वर्षांतून एकदा पाहणाऱ्या माणसावर येऊन पडेल, हे गेल्या उन्हाळ्यापर्यंत मला कोणी सांगितले असते तर मी ते थट्टेवारी नेले असते.

निमित्त नातवाच्या सुट्टीचे. संगणकावरील एका खेळात १९०० च्या सुमारास एका राष्ट्राच्या आरमाराची मुखत्यारी हाती घ्यायची, खजिन्यातील शिल्लक पाहून गोद्यांतून जहाजांचे सांगाडे उभे करायचे, चिलखताची जाडी आणि तोफांचा व्यास ठरवायचा, आणि इतका सारा खटाटोप करून जहाज पाण्यात लोटण्याच्या ऐन क्षणी पडद्यावर एक रिकामी चौकट येते व नाव विचारते. पोलादाचा हिशेब पोराने चुटकीसरशी केला होता. चौकटीपाशी मात्र त्याचे घोडे अडले. ‘‘आजोबा, नावे तुम्हीच सांगा ना. आपोआप आलेली ठेवली तर ती आपली वाटत नाहीत,’’ असे तो म्हणाला, आणि मी चष्मा पुसून वही पुढे ओढली.

हे काम पोरकट समजून हसण्यावारी नेणाऱ्या वाचकाच्या कानावर एक गोष्ट घालून ठेवतो. फ्रेड जेन नावाच्या इंग्रज गृहस्थाने १८९८ साली जगातील युद्धनौकांची जी सचित्र सूची प्रसिद्ध केली आणि जिच्या पुढील आवृत्त्या आजही देशोदेशींच्या नौदलांच्या दप्तरी प्रमाण मानल्या जातात, तिच्याच पाठीस पाठ लावून त्याने स्वतः रचलेला एक आरमारी खेळ आलेला होता. खेळ आणि सूची ही एकमेकांच्या आधाराने वाढलेली भावंडेच होत. आपल्याकडे तर चौघांनी खेळायच्या जुन्या चतुरंगात राजा, हत्ती आणि घोडा यांच्या पंक्तीला नौका बसलेली असे, आणि आपण ज्या मोहऱ्याला हत्ती म्हणतो त्याला बंगाली माणूस अजूनही नौकाच म्हणतो. त्या नौकेला स्वतःचे नाव नसे, एवढाच काय तो फरक.

नावे देण्याचा नाद पाहावयाचा तर त्यासाठी मला दूर जावे लागत नाही. सवाई जयसिंहाने आपल्या नावातील पहिले अक्षरयुग्म ज्या मोकळ्या हाताने वाटले त्याला तोड नाही: नगर ते जयपूर, डोंगरावरचा किल्ला तो जयगढ, वेधशाळेतील अर्धगोलाकार पात्र ते जयप्रकाश, आणि १७२० साली किल्ल्यावरच्या कारखान्यात ओतलेली, चाकांवरची, सुमारे वीस फूट नळीची आणि पन्नास टनांच्या आसपास वजनाची तोफ ती जयवाण. आजची नौदले कित्येकदा एका वर्गातील सर्व नौकांची नावे एकाच अक्षराने आरंभ करतात, तो शिरस्ता या कछवाहा राजाने तीनशे वर्षांपूर्वी कोरड्या जमिनीवर पाळला होता असे म्हणावयास हरकत नाही. (जाता जाता: त्याचे गुरू व ज्योतिषी जगन्नाथ सम्राट, ज्यांनी युक्लिडचा ग्रंथ ‘रेखागणित’ या नावाने संस्कृतात आणला, त्यांचे घराणे मूळचे महाराष्ट्रातले; तेव्हा या शहरात नामकरणाच्या कामी मराठी माणसाचा सल्ला घेण्याचा प्रघात मी पाडलेला नाही, असे मानण्याचे समाधान मी स्वतःला देतो.)

पण जयवाणेचे नाव ठेवणाऱ्याचे काम सोपे होते. ती तोफ एकदाच, चाचणीपुरती डागली गेली, असे सांगतात, आणि तो गोळा चाकसूपाशी पडून तेथे तळे झाले, अशी पुस्ती किल्ल्यावरचे वाटाडे जोडतात. एवंच, लढाईत तिच्या नावाची परीक्षा कधी झालीच नाही. शिवाय तोफ फुटेल, गंजेल, शत्रूच्या हाती पडेल, पण बुडणार नाही. अहमदनगरात १५४९ साली ओतलेली मुलुख-मैदान विजापूरच्या बुरुजावर जाऊन बसली तरी तिचा दरारा तिच्याबरोबरच गेला, आणि जंजिऱ्याच्या कलालबांगडीकडे पाहताना आजही पर्यटक आवाज खाली आणतो. तोफेला म्हणून वाटेल तितके अहंकारी नाव चालते. जहाजाची गोष्ट अशी नव्हे. जहाजाच्या नावाला एक दिवस ‘बुडाले’ हे क्रियापद लागण्याचा संभव जन्मापासून चिकटलेला असतो, आणि म्हणून मी वहीच्या पहिल्या पानावर एकच कलम लिहिले: जे नाव त्या क्रियापदाशेजारी बसवून मोठ्याने म्हणता येईल तेच मुक्रर करावे.

इतिहासाच्या दप्तरात या कलमाला भरपूर पुरावा आहे. ईस्ट इंडिया कंपनीचे ‘रेस्टोरेशन’, म्हणजे पुनःस्थापना, हे जहाज तुळाजी आंग्र्यांनी १७४९ साली पकडून आपल्या ताफ्यात घेतले. १७५६ च्या फेब्रुवारीत इंग्रजांचे वॉटसन आणि क्लाइव्ह विजयदुर्गावर चालून आले तेव्हा त्यांचा एक पेटता गोळा नेमका त्याच जहाजावर पडला, आग शेजारच्या गुराबांवर पसरली, आणि ज्या जहाजाच्या नावात पुनःस्थापना होती त्याच्याच ज्वाळांनी आंग्र्यांचे आरमार समूळ नाहीसे झाले. असली नावे दैवाला डिवचतात, असे माझे स्पष्ट मत आहे. याउलट पेशव्यांच्या आरमारातले ४६ तोफांचे ‘समशेरजंग’ पाहा. १७७५ च्या फेब्रुवारीत इंग्रजांच्या ‘रिव्हेंज’ व ‘बॉम्बे’ या नौकांशी लढताना ते स्फोट होऊन गेले. पण तलवार लढता लढता मोडली, एवढाच त्याचा अर्थ, आणि त्यात तलवारीचा कमीपणा नाही. गंमत अशी की ‘समशेरजंग’ला गाठणारी ‘बॉम्बे’ हीसुद्धा आपल्याच किनाऱ्याच्या जातीची गुराब होती, आणि गुराब या शब्दाचा अरबीत अर्थ कावळा! तेव्हा ज्या गुराबांवर आमची बखरकार मंडळी इतका जीव टाकतात ते शब्दशः कावळ्यांचे थवे होते, हे ऐकून आमच्या नातवाला जो आनंद झाला तो कोणत्याही विजयाने झाला नसता.

या वाळूच्या प्रांताचे नाव मात्र पाण्यात गेले ते आपल्या लोकांच्या हातून नव्हे. ‘राजपुताना’ नावाची आगबोट स्कॉटलंडातील ग्रीनॉक येथे १९२५ साली पाण्यात उतरली. १९३१ च्या ऑगस्टअखेर गांधीजी गोलमेज परिषदेसाठी मुंबईहून निघाले ते याच बोटीने. पुढे महायुद्धात तिच्यावर तोफा चढवून तिला काफिल्यांच्या राखणीवर तैनात करण्यात आले आणि १३ एप्रिल १९४१ रोजी आइसलंडच्या पश्चिमेस एका जर्मन पाणबुडीने तिला बुडवले. जिथे झाडाच्या सावलीलाही दौलत समजतात त्या मुलखाचे नाव हिमनगांच्या शेजारी तळाला गेले, हे आठवून एप्रिलच्या झळांत माझ्या अंगावर काटा येतो. आणि तिच्या मागोमाग आमचीही पाळी आलीच. त्याच ग्रीनॉक गावी बांधलेल्या, आधी ‘मार्क्समन’ म्हणून योजलेल्या विनाशिकेला ‘मराठा’ हे नाव देण्यात आले, इंग्रजी धाटणीने ‘महरट्टा’; ती रशियाकडे जाणाऱ्या काफिल्याबरोबर असता २५ फेब्रुवारी १९४४ रोजी उत्तर ध्रुवाकडच्या समुद्रात टॉर्पेडोला बळी पडली आणि दोनशेहून अधिक खलाशांपैकी वीसही वाचले नाहीत. राजपुताना आणि मराठा, ज्यांनी जमिनीवर शतकभर एकमेकांशी भांडण केले, ते नावापुरते का होईना एकाच गोठलेल्या दर्यात निजले आहेत.

माझे कलम राज्यकर्त्यांनाही ठाऊक असते, याचा दाखला जर्मनीने दिला. ‘डॉइचलांड’ या नावाची युद्धनौका त्यांच्यापाशी होती. ‘जर्मनी बुडाली’ अशा मथळ्याची धास्ती खुद्द हिटलरने घेतली आणि १९४० च्या आरंभी तिचे नाव बदलून ‘ल्युत्सोव’ करण्यात आले. देशाचे नाव जहाजाला देऊ नये, हे दुसरे कलम मी त्यावरून लिहिले. नातवाला ते पटले नाही, कारण त्याच्या मते देशाचे जहाज बुडतच नाही. त्याचे वय दहा आहे.

आपल्या नौदलाचा शिरस्ता मला एकंदरीने पसंत आहे, जरी एका बाबतीत मतभेद आहे. मुख्यालयात नामकरणाचा विचार करणारी एक समिती असते, आणि तिच्या कामात कुळाचार दिसतो. एका वर्गात तलवार, त्रिशूल, तबर, तेग, तरकश, त्रिकंड. संस्कृत आणि फारसी शस्त्रे ‘त’ या एका अक्षराच्या म्यानात गुण्यागोविंदाने नांदतात. दुसऱ्यात राजपूत, राणा, रणजित, रणवीर, रणविजय; यांतली ‘राजपूत’ १९८० साली दाखल झाली आणि २०२१ साली सन्मानाने निवृत्त झाली. पाणबुड्यांना माशांची नावे, त्यांत ‘खांदेरी’ अशी की जिच्यात शिवाजीमहाराजांनी १६७९ साली इंग्रजांच्या नाकावर टिच्चून बांधलेला जलदुर्गही दडलेला आहे. आणि मणिपूरसारख्या डोंगराळ प्रांताची राजधानी इंफाळ, तिचेही नाव २०२३ च्या डिसेंबरात एका विनाशिकेवर चढले. समुद्र न पाहिलेल्या गावांनाही आरमारात वाटा असतो, हे जयपूरकरांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे.

मतभेद आहे तो पर्वतांविषयी. शिवालिक, सातपुडा, सह्याद्री ही नावे भारदस्त खरी. परंतु ‘सह्याद्री बुडाला’ हे वाक्य माझ्या जिभेवर येत नाही, आणि कोणत्याही मराठी माणसाच्या यावे असे मला वाटतही नाही. नद्यांचे तसे नाही. गोदावरी, गोमती, कावेरी, नर्मदा या जन्मल्यापासून सागराकडेच निघालेल्या असतात; ‘गोदावरी समुद्रात गेली’ या वाक्यात शोक आहे, पण विपरीत काही नाही. युद्धनौकेला याहून योग्य नाव मनुष्याला सुचणे कठीण.

बुडालेल्या नावाचे पुढे काय करावे, याची तजवीज जयपूरनेच करून ठेवली आहे. येथील राजांच्या ‘सवाई’ पदवीचा अर्थ सव्वापट, आणि म्हणून राजवाड्यावर एका ध्वजाच्या वर आणखी एक पाव ध्वज फडकतो. पुण्याच्या दरबाराने तोच शब्द धाकट्या माधवरावांना लावला, कारण पहिले माधवराव गेले होते. नौदलेही हेच करतात, फक्त तसे म्हणत नाहीत. १९६१ ची ‘विक्रांत’ मोडीत निघाली आणि २०२२ च्या सप्टेंबरात दुसरी आली. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांना घेऊन ‘खुकरी’ गेली आणि १९८९ साली ‘खुकरी’ पुन्हा आली. ‘महरट्टा’चीसुद्धा कथा तीच, थोडी विनोदी: फुलांची नावे धारण करणाऱ्या इंग्रजी गस्ती नौकांपैकी ‘चार्लॉक’ नावाची एक १९४६ साली हिंदी नौदलाकडे आली, तिला हे नाव मिळाले. चार्लॉक हे मोहरीच्या जातीचे एक रानतण. तणाचे मराठे झाले.

एवढी सिद्धता झाल्यावर आम्ही यादी लिहावयास बसलो. मोठ्या जहाजांना नद्या: कृष्णा, कोयना, बनास, चंबळ. पाचव्या नावासाठी पोराने ‘लूनी’ सुचवले, आणि मी संमती देण्यापूर्वीच कारणही दिले: ‘‘भूगोलात आहे, आजोबा. लूनी समुद्राला मिळतच नाही, कच्छच्या रणात जिरते. म्हणजे ही बुडणार नाही.’’ माझेच कलम त्याने माझ्यावर उलटवले होते. मी निमूटपणे बारनिशी केली. लहान टॉर्पेडो-नौकांसाठी शस्त्रांची नावे काढू लागलो तेव्हा आमच्या कुटुंबाने स्वयंपाकघरातूनच विचारले, ‘‘तलवारी आणि त्रिशूळ तेवढी हत्यारे, आणि आमची कुठे गेली?’’ तिचा मुद्दा बिनतोड होता. त्या चार नौका झारा, उलथने, सांडशी आणि रवी या नावांनी दाखल झाल्या.

लढाई रात्री जेवणानंतर झाली आणि बराच वेळ चालली. मी वही मिटून आडवा झालो होतो. धूर, खुणा, आकडे यांतून पडद्यावर काय होते ते मला नीट कळत नव्हते, पण पोराचे बोलणे हळूहळू बंद झाले एवढे कळले. अखेर खुर्ची मागे सरल्याचा आवाज आला आणि तो दारात जाऊन उभा राहिला.

‘‘आजी, तुझा झारा परत आला बंदरात, एक ओरखडासुद्धा नाही,’’ तो म्हणाला, आणि थोडे थांबून, माझ्याकडे न पाहता, ‘‘लूनी समुद्राला मिळाली.’’