धातू कठीण की मऊ? तांबटाची हातोडी, काडतुसाची पुंगळी आणि एक तांब्याची तार



विज्ञानाच्या पुस्तकात धातूंचे गुणधर्म असतात. धातू चकाकतात, त्यांना ठोकून पत्रा करता येतो म्हणजे वर्धनीयता, ओढून तार काढता येते म्हणजे तन्यता. मुलं हे पाठ करतात, परीक्षेत लिहितात आणि विसरून जातात. पण एखादं चौकस मूल विचारतं, "ठोकून पत्रा होतो ना? मग ठोकतच राहिलं तर काय होईल?" या प्रश्नाचं उत्तर पुस्तकात एका ओळीत मिळत नाही. आज त्याच उत्तराबद्दल बोलू.

तांबट मध्येच भांडं का तापवतो?

पुण्यात कसबा पेठेत तांबट आळी आहे. पेशवाईच्या काळापासून त्वष्टा कासार समाजाचे कारागीर तिथे तांब्या-पितळेची भांडी घडवत आले. भांड्याच्या अंगावर जवळजवळ, एकसारख्या खळग्या उठवतात त्याला मठार काम म्हणतात. आपल्याला ती नक्षी वाटते. शोभा तर त्याने येतेच, पण प्रत्येक ठोक्याने पत्रा कडक होत जातो आणि भांड्याला बळकटी येते.

पण हाच कडकपणा आकार देताना आडवा येतो. ठोकून ठोकून पत्रा हट्टी होतो, वाकत नाही, आणखी जोर केला तर तडकतो. म्हणून कारागीर मध्येच थांबतो, भांडं भट्टीत लाल होईपर्यंत तापवतो, थंड करतो. पत्रा पुन्हा मऊ! मग परत हातोडी. या तापवून मऊ करण्याला इंग्रजीत ॲनिलिंग आणि मराठी परिभाषेत अनुशीतन म्हणतात.

इथे मुलांचा एक गोंधळ होतो. लोहार विळा-कोयता तापवून पाण्यात बुडवतो तेव्हा पोलाद कडक होतं. मग तांबं पाण्यात बुडवलं तर तेही कडक होणार ना? नाही. तांबं आणि नेहमीचं पितळ तापल्यावर पाण्यात बुडवलं तरी मऊच राहतं. उपाय तोच, धातू वेगळा, म्हणून परिणाम वेगळा.

आत काय घडतं?

धातूच्या आत अणू रांगांमध्ये बसलेले असतात. ठोकल्यावर या रांगा एकमेकींवरून थोड्या सरकतात, म्हणून धातू न तुटता आकार बदलतो. पण प्रत्येक वेळी रांगांमध्ये थोडी गुंतागुंत होते. वर्गात समजवायचं तर परिपाठाच्या रांगा आठवा. एका रांगेला थोडं सरकायला सांगितलं तर सरकते. पण चार बाजूंनी ढकलाढकली झाली की सगळे एकमेकांत अडकतात, कुणालाच हलता येत नाही. धातूचा कडकपणा म्हणजे हीच कोंडी. उष्णता मिळाली की अणूंना हलायला बळ मिळतं आणि नव्या, नीट रांगा तयार होतात.

हेच पितळ काडतुसात

बंदुकीच्या काडतुसाची पुंगळी बहुतेक वेळा ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त असलेल्या पितळेची असते. या पितळेला नावच 'कार्ट्रिज ब्रास' पडलं आहे. आपल्या पुणे जिल्ह्यात खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासून आहे. जळगाव जिल्ह्यात वरणगावलाही काडतुसं तयार होतात.

पुंगळी कशी बनते? पितळेच्या चकतीची आधी वाटी करतात. ती वाटी टप्प्याटप्प्याने दाबून, ओढून लांब नळी होते. तांबटासारखंच इथेही टप्प्यांच्या मध्ये पितळ तापवून मऊ करावं लागतं. शेवटी मात्र एकाच पुंगळीत दोन स्वभाव लागतात. बूड कडक हवं, कारण दारू पेटल्यावर प्रचंड दाब येतो. तोंड मऊ हवं, म्हणजे ते क्षणभर फुगून बंदुकीच्या नळीला चिकटतं आणि तापलेला वायू मागे, गोळी झाडणाऱ्याकडे येत नाही. म्हणून तोंडाकडचा भाग शेवटी वेगळा तापवतात. लष्करी काडतुसांच्या मानेवर निळसर-तपकिरी छटा दिसते ती याच तापवण्याची खूण.

अमेरिकेसारख्या देशांत काही हौशी नेमबाज तयार पुंगळीची मान बारीक करून किंवा खांदा बदलून नव्याच मापाचं काडतूस करतात. त्याला 'वाइल्डकॅट' म्हणतात. .३०-०६ ची मान बारीक करून निघालेलं .२५-०६ हे असंच एक. पुढे १९६९ मध्ये रेमिंग्टन कंपनीने ते अधिकृतपणे बाजारात आणलं. आकार बदलताना मानेचं पितळ कडक होतं आणि तापवलं नाही तर तिला चिरा पडतात. म्हणजे अडचण तांबटाचीच. आपल्याकडे मात्र शस्त्र अधिनियम १९५९ नुसार परवान्याशिवाय काडतुसं बनवणं गुन्हा आहे. मुलांना कधी काडतूस सापडलं, रिकामं वाटलं तरी हात लावायचा नाही आणि विस्तवात तर मुळीच टाकायचं नाही. मोठ्यांना सांगायचं, मोठ्यांनी पोलिसांना कळवायचं.

पावसाळा, तबेला आणि तडकलेल्या पुंगळ्या

इंग्रजांच्या काळात भारतातल्या फौजेला एक कोडं पडलं होतं. पावसाळ्यात काडतुसं तबेल्यांत साठवत. बाहेर काढावीत तर चांगल्या पुंगळ्यांना चिरा! कुणी आपटल्या नव्हत्या, कुणी वापरल्याही नव्हत्या. १९२१ मध्ये मूर, बेकिनसेल आणि मॅलिन्सन या संशोधकांनी याचा उलगडा केला. घोड्यांच्या मूत्रातून अमोनिया वायू येतो. दमट हवेत तो पितळेला लागतो. आणि पुंगळीत घडवतानाचा ताण आधीच साठलेला असतो. अमोनिया आणि ताण दोन्ही एकत्र आले की पितळ तडकतं. यातलं एक काढलं तरी बचाव होतो. सुमारे २६० अंश सेल्सिअसला तापवलं की कडकपणा फारसा न जाता आतला ताण निघून जातो.

पणदऱ्यात आणि आसपास घरोघरी गोठे आहेत. सकाळी गोठ्यात शिरताना नाकाला झोंबतो तो वास अमोनियाचाच. मुलांना अमोनिया शब्द शिकवायला दुसरं साधन नको! अमोनियावर चालणाऱ्या शीतकरण यंत्रणेत तांब्या-पितळेचे नळ वापरत नाहीत, हेही इथेच सांगता येईल.

वर्गात करून बघा

साहित्य: अर्थिंगची उघडी तांब्याची तार, साधारण २ मिलिमीटर जाड, वीतभर, पक्कड, गॅस, पाण्याचं भांडं. प्लॅस्टिक चढवलेली किंवा मोटार रिवाइंडिंगची तार नको, तिच्यावरचा थर जळून धूर होतो.

१. तार मुलांकडून एकाच जागी पुढे-मागे वाकवून घ्या. पाच-सहा वेळांनंतर विचारा, आधीपेक्षा जड जातंय का?

२. तुटायच्या आत थांबा. तो भाग शिक्षकांनीच पक्कडीत धरून लाल होईपर्यंत तापवायचा आणि पाण्यात बुडवायचा.

३. पूर्ण थंड झाल्यावर पुन्हा मुलांच्या हातात द्या. आता ती सहज वाकते.

४. दुसरी तार न तापवता तुटेपर्यंत वाकवा. दोन्हींत काय फरक पडला ते मुलांच्याच शब्दांत लिहून घ्या.

यातून मुलांना एवढं कळलं तरी पुरे: "तांबं कठीण आहे की मऊ?" या प्रश्नाला एका शब्दात उत्तर नाही. त्या तांब्यावर आधी काय काय झालंय, हे विचारावं लागतं. आणि वरून अखंड दिसणाऱ्या वस्तूच्या आतही ताण साठलेला असू शकतो. पालकांनी घरातला जुना मठारलेला हंडा किंवा बंब मुलांना दाखवावा आणि विचारावं, "या खळग्या कशासाठी असतील?" उत्तर लगेच सांगू नका. दोन दिवस विचार करू द्या.