मेडिकल बोर्डाच्या कागदावरचे एक वाक्य

रविवारची वंदना आटोपली आणि एक माजी सैनिक पत्नीसह विहारात आमच्याजवळ येऊन बसले. महार रेजिमेंटमध्ये सतरा वर्षे काढून २०१२ साली ते निवृत्त झाले. आम्ही काही विचारले की ते बाईंच्या तोंडाकडे पाहत.

"डावा कान गेलाय, उजव्याने थोडं ऐकू येतं. मीच सांगते," म्हणत बाईंनी पिशवीतून कागद काढले. एक कागद निवृत्तीच्या वेळच्या मेडिकल बोर्डाचा होता. अपंगत्व २० टक्के, असे बोर्डानेच लिहिले होते. पुढच्या रकान्यात मात्र एवढेच, की आजार सेवेमुळे झालेला नाही आणि सेवेमुळे वाढलेलाही नाही. का नाही, ते कुठेच नव्हते. त्या एका वाक्याने अपंगत्वाचे निवृत्तिवेतन बुडाले.

"भरतीला कान तपासूनच घेतलं होतं ना मला," काका म्हणाले.

काका कायद्याचेच बोलत होते. २०१३ साली 'धरमवीर सिंग विरुद्ध भारत सरकार' या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर जवान धडधाकट होता असे धरले पाहिजे. आजार सेवेमुळे झाला हे सिद्ध करण्याचे ओझे त्याच्यावर नाही, आणि शंकेचा फायदा त्यालाच मिळाला पाहिजे. नाही म्हणायचे तर बोर्डाने कारण लिहावे. त्याच वर्षी वीरपाल सिंग यांच्या खटल्यात न्यायालयाने बोर्डाचे मत डोळे मिटून न स्वीकारता पुन्हा वैद्यकीय मंडळाकडून तपासणी करण्याचा आदेश दिला. अर्थात प्रत्येक दावा जिंकला जातोच असे नाही. २०१९ मध्ये एका मनोविकाराच्या प्रकरणात, असा आजार भरतीच्या वेळी ओळखता येत नाही असे म्हणून त्याच न्यायालयाने दावा फेटाळला.

म्हणूनच बाहेरच्या डॉक्टरांचे मत उपयोगी पडते. पण कसले मत? बाईंच्या पिशवीत एका खाजगी दवाखान्याचा दाखला होता. त्यात 'ऐकू कमी येते' एवढे एकच वाक्य. ऐकू कमी येते हे तर बोर्डालाही मान्य आहे! प्रश्न आहे तो कशामुळे, याचा. कानाची तपासणी करून जो आलेख काढतात तो इथे बोलका ठरतो. गोळीबाराच्या आवाजाने कान खराब झाला असेल तर त्यात साधारण ४००० हर्ट्झच्या आसपास खड्डा दिसतो. वयोमानाने ऐकू कमी येते तेव्हा आलेख उंच स्वरांकडे उतरत जातो. उजव्या खांद्याला रायफल लावणाऱ्याचा डावा कान नळीच्या तोंडाकडे असतो, म्हणून तोच बहुधा जास्त बिघडतो. तज्ज्ञाने नोकरीतला जुना आलेख आणि आजचा आलेख शेजारी ठेवून, कामाचे स्वरूप लिहून कारणासह मत दिले, तर त्या कागदाला वजन येते. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयातल्या कान-नाक-घसा तज्ज्ञाचे मत असेल तर अधिक बरे. ओळखीच्या डॉक्टरकडून गोड दाखला मात्र कोणी आणू नये. खरा दावाही त्याने बुडतो.

खाजगी मत लष्करी बोर्डाच्या जागी बसत नाही. बोर्डाचे मत का चुकले हे ते दाखवते आणि फेरतपासणी मागायला आधार देते. त्यासाठी बोर्डाची पूर्ण प्रत, म्हणजे एएफएमएसएफ-१६ हा फॉर्म, आणि नोकरीतले दवाखान्याचे कागद रेकॉर्ड ऑफिसकडून मागवावेत. न मिळाल्यास माहिती अधिकाराचा अर्ज आहेच. आधी खात्याकडे अपील, तिथे नकार आला तर सशस्त्र दल न्यायाधिकरण. त्याचे एक खंडपीठ मुंबईला आहे. उशीर झाला म्हणून घरी बसू नये, पण थकबाकी सहसा दावा दाखल करण्याआधीच्या तीन वर्षांचीच मिळते. म्हणजे प्रत्येक महिना पदरचा जातो. २१ सप्टेंबर २०२३ पासून नियम बदलले आहेत. त्याआधी निवृत्त झालेल्यांना जुनेच नियम लागू आहेत.

वकिलाच्या खर्चाचे म्हणाल तर, १९८७ च्या विधी सेवा कायद्याने अनुसूचित जातींना व स्त्रियांना मोफत वकील मिळू शकतो. १९९० पासून अनुसूचित जातीत बौद्धांचाही समावेश आहे. हे सांगताच बाई सावरून बसल्या.

लष्करी पेन्शनरांनी लेखणी उचलण्याची आपली परंपरा तशी जुनी आहे. महारांची सैन्यभरती बंद झाली तेव्हा १८९४ साली अर्ज लिहिणारे गोपाळबाबा वलंगकर हे निवृत्त सैनिकच होते.

२० टक्के मंजूर झाले तर नियमाप्रमाणे ते ५० टक्के धरले जातात, हे २०१४ च्या निकालानंतर नियत वयोमानाने निवृत्त झालेल्यांनाही लागू आहे. आम्ही ते काकांना कागदावर लिहून दिले. त्यांनी दोनदा वाचले आणि कागद बाईंकडे दिला. बाईंनी घडी करून तो बोर्डाच्या कागदाला टाचणीने लावला. मंगळवारी कानाच्या तपासणीला जायचे ठरले. नोकरीतला जुना आलेख गावी पत्र्याच्या ट्रंकेत आहे, तो थोरला मुलगा घेऊन येणार आहे.