कुंडीतले कलम आणि घरातली हवा

ओले धोतर दोरीवर टाका. श्रावणात ते दोन-दोन दिवस वाळत नाही. चैत्रात घटकाभरात कडक होते. धोतर तेच, दोरी तीच. मग फरक कशात? हवेत. पावसाळ्यात हवेत पाण्याची वाफ पुष्कळ असते. उन्हाळ्यात आमच्या सोलापूरकडे ती फार थोडी असते. हवेतल्या या ओलीला आर्द्रता म्हणतात. हवा कोरडी झाली की ती तहानलेली असते. जिथे पाणी मिळेल तिथून ओढून घेते.

झाडाच्या पानांतूनही ती पाणी ओढते. आंब्याच्या पानाच्या खालच्या अंगाला बारीक छिद्रे असतात. डोळ्यांना ती दिसत नाहीत. त्यांतून वाफ बाहेर पडते. आंबा बारा महिने हिरवा, म्हणून हा पाण्याचा खर्चही बारा महिने चालू. मोठ्या झाडाची मुळे खोलातून पाणी आणतात. कुंडीतल्या कलमाची मुळे ती केवढी!

एका फाल्गुनात आम्ही रत्नागिरीहून हापूसची दोन कलमे आणली. समुद्रकाठची दमट हवा त्यांच्या अंगवळणी पडलेली. पावसाळ्यापर्यंत ती घरातच सांभाळायची होती. उजेड मिळेल म्हणून खिडकीत ठेवली. आठ दिवसांत पानांच्या कडा करपल्या. घरचे म्हणाले, "पाणी कमी पडतंय." आम्ही सकाळ-संध्याकाळ तांब्या तांब्या ओतू लागलो. पाने आणखीच लोंबली. शेवटी एक कलम उपटून पाहिले. मुळे काळी पडून कुजली होती. मातीत पाणी साचले की मुळांना हवा मिळत नाही. कुजलेले मूळ पाणी ओढत नाही. खाली चिखल आणि वर तहान! पैसे गेले, चार-पाच वर्षांनी दिसायचे फळही गेले. चूक आमचीच.

दुसरे कलम मात्र वाचले. ते खिडकीतून हलवले, कारण गरम वारा ओल पळवून नेतो. चुलीपासून लांब, पाण्याच्या रांजणाजवळ ठेवले. रांजण पाझरतो, म्हणून तिथली हवा थंड आणि ओलसर असते. दारातून उजेडही येत होता. अगदी काळोखात झाड जगत नाही. परातीत खडे पसरले, त्यांत थोडे पाणी घातले आणि वर कुंडी ठेवली. कुंडीचे बूड खड्यांवर राहावे, पाण्यात बुडू नये. वाऱ्याच्या बाजूला ओले गोणपाट टांगले. खरे काम या गोणपाटाने केले, असे आम्हांला वाटते. घरभर सडा टाकून काही होत नाही. दार उघडे असले की ती ओल निघून जाते.

पानांवर पाणी शिंपडायचे तर सकाळी शिंपडावे. रात्रभर पाने ओली राहिली की बुरशी धरते. कुंडीत पाणी घालण्याआधी मातीत बोटाचे एक पेर खुपसावे. माती कोरडी लागली तरच पाणी घालावे.

कलम बांधणारे कोवळ्या काडीवर प्लास्टिकची टोपी घालतात, तीही ओल धरून ठेवण्यासाठीच.

मृगाचा पाऊस नीट लागला की आधी आठ दिवस कुंडी बाहेर झाडाच्या सावलीत ठेवावी. मग कलम खड्ड्यात लावावे.