मानेतील धमनीची वेगळी रचना : आजार नाही, पण सर्जनला माहीत असायला हवी

मानेच्या डॉपलर किंवा सीटी अँजिओग्राफीच्या अहवालात ‘हाय बायफर्केशन’, ‘टॉर्च्युअस आर्टरी’, ‘बोव्हाइन आर्च’ असे शब्द दिसले की रुग्ण आणि नातेवाईक घाबरतात. बहुतेक वेळा हे शब्द आजाराचे नसतात. धमनीची ठेवण नेहमीपेक्षा थोडी वेगळी आहे, एवढेच ते सांगतात. मात्र मानेची किंवा घशाची शस्त्रक्रिया करायची असेल, तर हीच माहिती फार महत्त्वाची ठरते.

नेहमीची रचना

कंठमण्याच्या बाजूला बोट ठेवल्यावर जो ठोका लागतो, तो कॅरोटिड धमनीचा. मानेच्या दोन्ही बाजूंना अशी एकेक धमनी असते. (ठोका पाहताना दोन्ही बाजू एकाच वेळी दाबू नका.) साधारणपणे कंठमण्याच्या वरच्या कडेच्या पातळीवर तिला दोन फाटे फुटतात. आतला फाटा मानेत एकही शाखा न देता मेंदूकडे जातो. बाहेरचा फाटा आठ शाखांमधून थायरॉइड, जीभ, चेहरा आणि टाळूच्या त्वचेला रक्त पुरवतो.

फरक कोठे आढळतात?

- फाटा फुटण्याची जागा : काहींमध्ये ती बरीच वर, जबड्याजवळ असते, क्वचित खाली असते.
- शाखांचा उगम : थायरॉइडकडे जाणारी वरची शाखा कधी फाट्याच्या जागेतून, तर कधी मुख्य धमनीतूनच निघते. जीभ आणि चेहरा यांच्या शाखा काही वेळा एकाच खोडातून फुटतात.
- वळणे : आतला फाटा सरळ न जाता नागमोडी जातो. हे जन्मतः असू शकते किंवा वयानुसार वाढते. कधी हे वळण थेट घशाच्या मागच्या भिंतीपर्यंत येते.
- छातीतील उगम : डावी कॅरोटिड सहसा महाधमनीतून स्वतंत्र निघते. काहींमध्ये ती उजव्या बाजूच्या मोठ्या शाखेबरोबर किंवा त्या शाखेतूनच निघते. यालाच ‘बोव्हाइन’, म्हणजे गाईसारखी, रचना म्हणतात. गंमत म्हणजे गाईची रचना प्रत्यक्षात अशी नसते. नाव तेवढे रूढ झाले आहे.

शस्त्रक्रियेत याने काय फरक पडतो?

टॉन्सिलपासून आतली कॅरोटिड सहसा दोन-अडीच सेंटिमीटर दूर, मागे आणि बाहेरच्या बाजूला असते. ती वळून जवळ आलेली असेल, तर टॉन्सिल काढताना किंवा घशातला गळू फोडताना तिला इजा होऊन जीवघेणा रक्तस्राव होऊ शकतो. म्हणून घशाच्या मागच्या भिंतीवर ठोके देणारा फुगवटा दिसला, तर त्याला सुई किंवा चाकू लावण्याआधी स्कॅन केला जातो. प्रत्येक टॉन्सिलच्या रुग्णाला स्कॅन लागतोच असे नाही.

धमनीत चरबीचा थर साचून ती अरुंद झाली, तर पक्षाघात टाळण्यासाठी काही रुग्णांमध्ये तो थर शस्त्रक्रियेने काढतात. फाटा खूप वर असेल तर तिथपर्यंत पोहोचणे अवघड जाते आणि जिभेची हालचाल करणाऱ्या नसेला इजा होण्याची शक्यता वाढते. अशा वेळी स्टेंटचा विचार होतो. पण उगम वेगळा असेल किंवा वळणे फार असतील, तर स्टेंटची नळी वर नेणेही कठीण होते. थायरॉइडच्या शस्त्रक्रियेत वरची शाखा नेमकी ओळखूनच बांधावी लागते, कारण आवाजाला ताण देणारी नस तिच्या अगदी जवळून जाते.

तुम्ही काय कराल?

- मानेचे जुने अहवाल, फिल्म किंवा सीडी जपून ठेवा. शस्त्रक्रियेपूर्वी सर्जन आणि भूलतज्ज्ञ दोघांनाही दाखवा.
- ‘या वेगळ्या रचनेमुळे माझ्या शस्त्रक्रियेत काही बदल करावा लागेल का?’ असे थेट विचारा.
- नुसती रचना वेगळी असेल आणि त्रास काही नसेल, तर औषधाची गरज सहसा नसते. धमनी अरुंद झाली आहे का, हा प्रश्न वेगळा. तो डॉक्टरांना स्वतंत्रपणे विचारा.
- तोंड वाकडे होणे, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणे, बोलणे अडखळणे, एका डोळ्यापुढे अचानक अंधारी येणे यांपैकी काहीही झाले, तर काही मिनिटांत बरे वाटले तरी लगेच रुग्णालयात जा.

रक्तदाब, मधुमेह आणि कोलेस्टेरॉल आटोक्यात ठेवणे, तंबाखू सोडणे हे मात्र तुमच्या हातात आहे. धमनीची ठेवण कशीही असो, तिचे आरोग्य यावरच टिकते.