कंबरेतील भूल : तत्त्वे आणि दक्षता

सिझेरियन शस्त्रक्रियेची वेळ आली की, पाठीत सुई घेतल्याने कंबर कायमची अधू होते, अशी भीती ग्रामीण कुटुंबांत व्यक्त केली जाते. बिदर जिल्ह्यातील भालकी, बसवकल्याण व औराद आणि कलबुर्गी जिल्ह्यातील आळंद या सीमाभागातील तालुक्यांतही या विषयाची यथार्थ माहिती पोहोचणे अगत्याचे आहे. भीतीपोटी संमती देण्यास झालेला विलंब माता व बालक या दोघांच्याही जिवावर बेतू शकतो.

भूलशास्त्राशी या प्रदेशाचा संबंध जुना आहे. हे दोन्ही जिल्हे निजामाच्या राज्यात असताना हैदराबाद येथे एडवर्ड लॉरी यांच्या पुढाकाराने १८८८ व १८८९ मध्ये क्लोरोफॉर्म आयोगांनी प्रयोग केले. रुग्णाच्या श्वासावर सतत लक्ष ठेवावे, हा त्यांचा आग्रह योग्यच होता. मात्र क्लोरोफॉर्म हृदयासही थेट घातक ठरू शकते, हे पुढे सिद्ध झाले. १८९८ मध्ये जर्मनीत ऑगस्ट बिअर यांनी कण्यातील भूल देऊन शस्त्रक्रिया केली आणि रुग्णास बेशुद्ध न करता शरीराचा ठराविक भाग बधिर करण्याचा मार्ग खुला झाला.

मूलतत्त्व

वेदनेचा संदेश मज्जातंतूंमार्फत मेंदूकडे जातो. त्यासाठी सोडियमचे कण तंतूच्या आवरणातून आत शिरावे लागतात. लिग्नोकेन, बुपिव्हाकेन यांसारखी औषधे हे प्रवेशद्वार काही काळ बंद करतात. औषधाचा अंमल ओसरताच संवेदना पूर्ववत होते.

प्रौढ व्यक्तीचा मज्जारज्जू कंबरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याच्या सुमारास संपतो. सुई त्याच्या खालच्या बाजूस टोचण्यात येते, हेच या पद्धतीच्या सुरक्षिततेचे मर्म होय. माता शुद्धीवर राहते, तिचा श्वास स्वतःचा चालू राहतो व बाळापर्यंत औषध अत्यल्प पोहोचते.

वैद्यकीय दक्षता

या भुलेने रक्तदाब उतरू शकतो. म्हणून शिरेतून सलाईन, रक्तदाब वाढविणारी औषधे, प्राणवायू व कृत्रिम श्वसनाची साधने आधीच सज्ज असावी लागतात. गर्भवतीस किंचित डाव्या कुशीकडे कलते ठेवतात. टोचण्याच्या जागी जंतुसंसर्ग, रक्त न गोठण्याचा विकार किंवा अतिरक्तस्राव असल्यास ही भूल सहसा टाळतात.

जखम शिवताना दिल्या जाणाऱ्या स्थानिक भुलेतही मात्रा वजनानुसार मोजावी लागते. २ टक्के लिग्नोकेनच्या १ मिलिलिटरमध्ये २० मिलिग्रॅम औषध असते, हे ध्यानात ठेवावे. सुई रक्तवाहिनीत नाही, याची खात्री करून औषध थोडेथोडे द्यावे. ओठ बधिर होणे, कानात आवाज येणे, झटके येणे ही विषबाधेची लक्षणे होत. अशा वेळी इंजेक्शन तत्काळ थांबवून प्राणवायू द्यावा. गंभीर प्रसंगी २० टक्के स्निग्ध द्रावण शिरेतून देतात.

रुग्णाने व नातेवाइकांनी काय करावे ?

नियोजित शस्त्रक्रियेपूर्वी किमान ६ तास अन्न व २ तास पाणी वर्ज्य करावे. काही खाल्ले असल्यास ते लपवू नये; उलटी श्वासनलिकेत गेल्यास प्राणघातक ठरते. रक्त पातळ करणारी औषधे, पूर्वीची ॲलर्जी व हृदयविकार यांची माहिती डॉक्टरांना अवश्य द्यावी. पायांत बळ येईपर्यंत एकट्याने उठू नये. उठून बसल्यावर तीव्र डोकेदुखी, लघवी अडणे, ताप किंवा पायांतील बधिरता न जाणे, यांपैकी काहीही आढळल्यास त्वरित कळवावे. टोचलेल्या जागी काही दिवस दुखू शकते. बाळंतपणानंतरची कंबरदुखी मात्र भूल न घेतलेल्या स्त्रियांतही आढळते. गरोदरपणात कण्यावर पडणारा ताण हे तिचे एक प्रमुख कारण आहे.

संमतिपत्र कन्नड वा इंग्रजीत असल्यास त्यातील मजकूर मराठीत समजावून घ्यावा व मगच सही करावी. शिक्षक, आशा कार्यकर्त्या व ग्रामपंचायत कर्मचारी यांनी ही माहिती गर्भवतीच्या घरी प्रसूतीपूर्वीच पोहोचविल्यास ऐन वेळचा संभ्रम टळेल.