पुन्हा दिवस गेल्यावर जीव धास्तावतो तेव्हा...

लघवीला गेल्यावर दर वेळी कपड्यावर डाग शोधणं, मळमळ थांबली की धसका घेणं, हे आधी गर्भ गमावलेल्या अनेक जणींचं होतं. जळगाव-धुळे भागातल्या अशा जणींसाठी :

● एका गर्भपातानंतर बहुतेकींचं पुढचं बाळंतपण सुखरूप होतं.

● सुरुवातीचे सुमारे निम्मे गर्भपात गर्भाच्या गुणसूत्रांतील दोषांमुळे होतात. जळगाव-धुळे एसटीच्या प्रवासाला किंवा घरकामाला दोष देऊ नका. आणि घरच्यांनो, सुनेला तर मुळीच नको.

● सातव्या आठवड्याच्या सुमारास सोनोग्राफीत ठोके दिसतात. पुढच्या तपासणीची तारीख आधीच ठरवून घ्या. वाट पाहणं सोपं जातं.

● चौथ्या महिन्यापासून दर 9 तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात सरकारी दवाखान्यांत मोफत तपासणी होते. आशाताईंना आधीचा गर्भपात जरूर सांगा.

● गुंतागुंत असल्यास जळगावचं शासकीय आणि धुळ्याचं श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय जवळ आहे.

● काळजीनं झोप उडाली तर टेलि-मानस : 14416. चोवीस तास, मोफत, मराठीत.

● रक्तस्राव, पोटात तीव्र कळा किंवा चक्कर आल्यास सकाळची वाट पाहू नका; 108 ला फोन करा.