कॅमेरा हातात धरला नाही, तरी अर्ज भरा

आपल्या समाजातील मुले-मुली आज डॉक्टर, इंजिनिअर, प्राध्यापक, बँक अधिकारी होत आहेत, ही समाधानाची बाब आहे. परंतु चित्रपटाचे रीतसर शिक्षण घेण्याचा विचार बीड जिल्ह्यातील विद्यार्थी सहसा करीत नाही. "आपण कधी कॅमेरा हातात धरला नाही, तिथे आपल्याला कोण घेणार?" असे म्हणून तो अर्जच भरीत नाही. हा गैरसमज दूर व्हावा म्हणून हा लेखनप्रपंच.

पुण्यात जुन्या प्रभात स्टुडिओच्या जागेत १९६० साली केंद्र सरकारने फिल्म इन्स्टिट्यूट सुरू केली. तेथील दिग्दर्शन व पटकथालेखनाच्या तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला कोणत्याही शाखेची पदवी चालते. आधी चित्रपट केलेला असावा, अशी अट नाही. जागा मात्र मोजक्या आणि स्पर्धा देशभराची.

मग निवड कशावर होते? आधी लेखी परीक्षा, नंतर मुलाखत. उमेदवाराने काय पाहिले आहे आणि ते त्याला दृश्यांतून सांगता येते का, हे तेथे तपासले जाते. उदाहरणार्थ, मुकादमाची उचल घेतलेले कुटुंब ऊसतोडीला निघाले आहे; आजी आणि शाळकरी नातू मागे राहिले आहेत. यातले पहिले दृश्य कोणते? आवाज कोणता ऐकू येईल? शेवट कुठे कराल? असा विचार करण्यास कॅमेरा लागत नाही. हे आयुष्य आपल्या मुलांनी जवळून पाहिलेले आहे.

अडूर गोपालकृष्णन यांनी अर्थशास्त्र, राज्यशास्त्र यांसारखे विषय घेऊन पदवी मिळविली व सरकारी नोकरी धरली. ओढ नाटकाची. १९६२ साली नोकरी सोडून ते याच संस्थेत दाखल झाले. पुढे २००४ चा दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांना मिळाला. करमाळा तालुक्यातील जेऊरचे नागराज मंजुळे या संस्थेत शिकलेले नाहीत. मराठीत एम.ए. केल्यावर ते नगरच्या महाविद्यालयात संज्ञापन शिकले. त्या शिक्षणातूनच त्यांचा 'पिस्तुल्या' हा लघुपट तयार झाला आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

विद्यार्थी मित्रांनो, तयारी घरबसल्या होते. आठवड्यातून एक चांगला चित्रपट दोनदा पहा : एकदा गोष्टीसाठी, एकदा ती कशी सांगितली यासाठी. रोज एक पाहिलेला प्रसंग पानभर लिहा. वर्तमानपत्र आणि कथा वाचा. थोडे इंग्रजी वाचनही ठेवा.

कागदपत्रांकडे दुर्लक्ष नको. १९९० च्या कायदादुरुस्तीने अनुसूचित जातींतील बौद्धांनाही केंद्राच्या सवलती लागू झाल्या. या संस्थेतही राखीव जागा आहेत. केंद्राच्या नमुन्यातील जातीचे प्रमाणपत्र वेळेत काढा. फी व राहण्याचा खर्च मोठा असतो; शिष्यवृत्ती आणि शैक्षणिक कर्जाची चौकशी अर्जाआधीच करा. नियम बदलतात, म्हणून त्या वर्षीची माहितीपुस्तिका स्वतः वाचा.

पालकांनीही मुलाचे हे वेड समजू नये. आपली माणसे पडद्यावर कशी दिसावीत, हे आजवर बहुधा दुसऱ्यांनीच ठरविले. ते ठरविणाऱ्यांत आपली मुले असावीत, एवढीच इच्छा.